नॉच, काटे आणि हवेचा दाब : इंजिनाच्या केबिनमध्ये नेमकं काय चालतं?

प्रश्न : मी नागोठण्याला राहतो आणि कॉलेजात शिकतो. संगणकावर रेल्वे सिम्युलेटर खेळायचा मला नाद आहे. चार-पाच कळांवर तिथे मला अख्खी गाडी चालवता येते. मग खऱ्या इंजिनाच्या केबिनमध्ये इतकी हँडलं, बटणं आणि काटे कशासाठी असतात? सिम्युलेटरमध्ये माझी गाडी नेहमी फलाट ओलांडून पुढे जाते, त्यात माझं काय चुकतं? आणि सिम्युलेटरवर हात बसला, तर खरं इंजिन चालवता येईल का?
— एक वाचक, नागोठणे

उत्तर : तुमचे तिन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात. हजार टनांची गाडी रुळांवर चालू करणं अवघड नसतं, अवघड असतं ते तिला हव्या त्या जागी थांबवणं. केबिनमधली बहुतेक उपकरणं गाडी थांबवण्यासाठी तरी असतात, किंवा ती थांबवता येईल याची खात्री देण्यासाठी तरी. एवढं ध्यानात ठेवलं की त्या गर्दीतल्या प्रत्येक हँडलाची जागा कळू लागते. म्हणून आधी हँडलं, मग ब्रेक, मग तुमचा सुटणारा फलाट, अशा क्रमानेच जाऊ.

वेग आणि दिशा

तुमच्या गावावरून जाणारा लोहमार्ग रोह्यापर्यंत मध्य रेल्वेचा आहे. रोह्यापासून पुढे ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा मार्ग कोकण रेल्वेचा. २६ जानेवारी १९९८ रोजी तो पूर्ण खुला झाला आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ डिझेल इंजिनांवरच चालला. मार्च २०२२ मध्ये त्याचं विद्युतीकरण पूर्ण झालं. त्यामुळे रायगडकरांनी एकाच पिढीत दोन्ही जातींची इंजिनं पाहिली आहेत. दोन्हींच्या केबिन वेगळ्या असतात आणि सिम्युलेटरमध्ये नेमका हाच फरक बुजून जातो.

डिझेल इंजिनात थ्रॉटलचं हँडल 'आयडल'पासून आठव्या नॉचपर्यंत सरकतं. मोटारीच्या अ‍ॅक्सिलरेटरसारखं ते सलग फिरत नाही, पायरीपायरीने चढतं. डब्ल्यूडीएम-२ हे आपल्याकडचं सर्वांत परिचित डिझेल इंजिन. ते आयडलला मिनिटाला ४०० फेरे घेतं आणि आठव्या नॉचला १०००. मात्र हे डिझेल थेट चाकं फिरवत नाही. ते वीज तयार करतं आणि त्या विजेवर चाकांच्या आसांना जोडलेल्या ट्रॅक्शन मोटरी फिरतात. म्हणून नॉच वाढवला की आधी इंजिनाचा आवाज चढतो, मग अँपिअरचा काटा चढतो आणि त्यानंतर गाडी ओढ घेते. उभ्या गाडीत एकदम वरचा नॉच दिला, तर चाकं जागच्या जागी घसरतात किंवा डब्यांच्या जोडांना जोराचा हिसका बसतो. जाणता चालक पहिल्या नॉचवर थांबतो, सगळे जोड ताणले जाऊ देतो आणि मगच पुढे चढतो.

थ्रॉटलजवळच दिशा ठरवणारं रिव्हर्सर असतं. त्याच्या तीन जागा : पुढे, मध्ये आणि मागे. थ्रॉटल आयडलला आणल्याशिवाय ते हलतच नाही, दोन्ही यंत्रणा एकमेकींना अडकवलेल्या असतात. हे हँडल काढूनही घेता येतं आणि इंजिन सोडताना चालक ते बरोबर नेतो. ते जागेवर नसेल, तर कोणी केबिनमध्ये शिरून काहीही दाबलं तरी इंजिन चालत नाही.

विजेच्या इंजिनात तऱ्हा वेगळी. डब्ल्यूएपी-४ किंवा डब्ल्यूएजी-७ यांसारख्या जुन्या धाटणीच्या इंजिनांत ट्रान्सफॉर्मरवर ३२ टप्पे असतात आणि चालक मास्टर कंट्रोलरने ते एकेक करून चढवतो किंवा उतरवतो. आज कोकणच्या गाड्यांना लागणाऱ्या डब्ल्यूएपी-७ मध्ये आणि मालगाड्यांच्या डब्ल्यूएजी-९ मध्ये ओढ आणि रोध एकाच हँडलावर आणले आहेत. शून्याच्या एका बाजूला नेलं की इंजिन ओढतं, दुसऱ्या बाजूला नेलं की त्याच मोटरी जनित्रासारख्या फिरून गाडीचा वेग खातात आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जाते. याला रिजनरेटिव्ह ब्रेक म्हणतात.

या इंजिनात चाव्यांचा आणि बटणांचाही एक क्रम असतो. आधी चावी फिरवायची, मग पँटोग्राफ वर करायचा, मग मुख्य सर्किट ब्रेकर बंद करून २५ हजार व्होल्टची वीज आत घ्यायची, आणि पुरेशी हवा साठल्यावरच गाडी सोडायची. वाटेत कुठेकुठे न्यूट्रल सेक्शन लागतो, म्हणजे दोन वीजपुरवठ्यांच्या मधला तारेचा निर्जीव तुकडा. त्याची सूचना ५०० आणि २५० मीटर आधीच्या पाट्यांवरून मिळते. तिथे चालक ब्रेकर उघडतो, गाडी आपल्या वेगानेच पलीकडे जाऊ देतो आणि मग ब्रेकर पुन्हा बंद करतो. बऱ्याच सिम्युलेटरांत हा प्रकार नसतोच, त्यामुळे ही सवयही लागत नाही.

दोन ब्रेक, दोन वेगळी कामं

ब्रेकची हँडलं दोन असतात. डिझेल इंजिनावरचे लोक त्यांना ए-नाइन आणि एसए-नाइन म्हणतात. ए-नाइन अख्ख्या गाडीचे ब्रेक लावतं, तर एसए-नाइन फक्त इंजिनाचे. सिम्युलेटरमध्ये दोन्हींच्या कळा शेजारीशेजारी असतात आणि नवखा खेळाडू घाईत भलतीच दाबतो. धावत्या गाडीत नुसत्या इंजिनाचा ब्रेक दाबला, तर पुढचं इंजिन अडतं आणि मागचे डबे त्याच्यावर येऊन आदळतात. एसए-नाइन शंटिंगसाठी आणि उभं इंजिन धरून ठेवण्यासाठी असतं. गाडी थांबवायची ती ए-नाइनने.

ए-नाइन चालतं कसं, हे समजलं की अर्धी केबिन समजली. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक ब्रेक पाइप जातो. गाडी मोकळी धावत असताना त्यात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम एवढा हवेचा दाब असतो. प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी असते. चालक ए-नाइन ओढतो तेव्हा तो पाइपमधली हवा बाहेर सोडतो. दाब उतरला की डब्याखालची झडप हलते, टाकीतली हवा ब्रेकच्या सिलिंडरमध्ये जाते आणि ब्रेक आवळले जातात. दाब सुमारे साडेचारवर आला तर हलका ब्रेक, साडेतीनच्या आसपास आला तर पूर्ण ब्रेक आणि सगळी हवा सोडली तर आपत्कालीन ब्रेक.

म्हणजे हवा भरली की ब्रेक सुटतो आणि हवा गेली की लागतो. हे उलटं वाटतं, पण प्रवाशांचा जीव याच उलटेपणामुळे वाचतो. गाडी मधूनच तुटली, पाइप फाटला किंवा कोणी साखळी ओढली, तर हवा जाते आणि ब्रेक आपोआप लागू लागतात. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ मध्ये ही स्वयंचलित रचना काढली आणि आजही जगभरच्या गाड्या याच तत्त्वावर थांबतात. साखळी ओढली गेल्याचं चालकालाही आधी काट्यांवरूनच कळतं. ब्रेक पाइपचा दाब उतरू लागतो आणि पाइपमध्ये जाणाऱ्या हवेचा प्रवाह दाखवणारा काटा वर चढतो. नव्या इंजिनांत अशा वेळी कपाळावरचा पिवळा दिवा आपोआप उघडमीट करू लागतो, म्हणजे शेजारच्या रुळावरून येणारी गाडी सावध होते. रोहा ते वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाल्यापासून त्या दिव्याचं मोल तिथे विशेष आहे.

फलाट मागे का राहतो?

आता तुमची मुख्य अडचण. तुमची गाडी ताशी १०० किलोमीटरने धावते आहे असं धरा. सेकंदाला ती जवळजवळ २८ मीटर पुढे जाते, एक किलोमीटर ३६ सेकंदांत संपतो. तुम्ही ब्रेकची कळ दाबता तेव्हा गाडीला आज्ञा मिळते, पण ती तिने पाळलेली नसते. पाइपमधला दाब उतरायला वेळ लागतो, तो शेवटच्या डब्यापर्यंत पोचायला आणखी काही सेकंद जातात आणि सिलिंडर भरायला त्याहून जास्त. अर्ध्या किलोमीटरहून लांब मालगाडीत पुढची चाकं धरू लागतात तेव्हा मागच्या वाघिणी अजून मोकळ्याच धावत असतात.

त्यात वेगाचं गणित आणखी चकवतं. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. ताशी १०० वरून ५० वर आणायला जेवढी ऊर्जा खर्ची पडते, ती ५० वरून थांबायला लागणाऱ्या ऊर्जेच्या तिप्पट असते. पडद्यावर फलाट दिसू लागला की तुम्ही ब्रेक लावता, वेग उतरत नाही म्हणून घाबरून आणखी ओढता, मग गाडी फारच मंदावते म्हणून ब्रेक सोडता आणि ती पुन्हा पुढे सरकते, असं बहुधा होत असणार. असा ब्रेक वारंवार लावला आणि सोडला, की डब्यांखालच्या टाक्या रिकाम्या होत जातात. त्या पुन्हा भरायला वेळ मिळाला नाही, तर पुढच्या वेळी ब्रेक तितका धरत नाही. खऱ्या गाडीत, विशेषतः उतारावर, याहून वाईट सवय नाही.

म्हणून फलाट दिसायची वाट बघू नका. थांबण्याची तयारी दूरच्या सिग्नलपासून सुरू करा. आधी ओढ काढून घ्या, मग हलका ब्रेक लावून काही सेकंद काट्याकडे बघा. वेग उतरू लागला की गरजेपुरता ब्रेक वाढवा आणि अगदी शेवटी थोडा सैल करा, म्हणजे गाडी हिसका न देता उभी राहते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आपल्या गाड्यांत ब्रेक थोडाथोडा लावता येतो, तसाच थोडाथोडा सोडताही येतो. अमेरिकी मालगाड्यांत तसं नसतं. तिथे ब्रेक सोडला की तो पूर्णच सुटतो. २००१ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरपासून अनेक खेळांत अमेरिकी मालगाड्या असतात. तुमचा हात त्यांच्यावर बसला असेल, तर भारतीय इंजिन चालवताना तुमचा अंदाज चुकणारच. कोणत्या देशाच्या गाडीवर आपण शिकतो आहोत, हे आधी बघा.

काटे वाचणं आणि जागं राहणं

कीबोर्डवर खेळणाऱ्याची नजर रुळांवर खिळलेली असते. लोको पायलटची नजर मात्र बाहेर आणि आत सतत फिरत असते. हँडल कुठे आहे यावरून त्याने काय मागितलं ते कळतं, गाडी काय करते आहे ते कळतं काट्यांवरून. मुख्य टाकीत ८ ते १० किलोग्रॅमच्या दरम्यान दाब आहे ना, ब्रेक पाइपमध्ये ५ आहे ना, ब्रेक सोडल्यावर सिलिंडरचा काटा शून्यावर आला ना, मोटरींवर किती भार आहे, वेग किती, हे तो नजरेच्या एका फेरीत टिपतो. इंजिनातला वेगमापक वेग दाखवतो तसा नोंदवूनही ठेवतो.

चालकाला झोप लागली किंवा भोवळ आली तर काय, हा प्रश्न यापुढचा. त्यासाठी व्हिजिलन्स कंट्रोल डिव्हाइस असतं. सुमारे ६० सेकंद चालकाने थ्रॉटल, ब्रेक, भोंगा यांपैकी कशालाच हात लावला नाही, तर दिवा उघडमीट करतो. आणखी ८ सेकंदांनी बझर वाजतो आणि त्यानंतरच्या ८ सेकंदांतही काही हालचाल झाली नाही, तर ब्रेक आपोआप लागतात. पण हिशोब करून बघा. ताशी १०० च्या वेगात या ७६ सेकंदांत गाडी दोन किलोमीटरहून जास्त अंतर कापते. म्हणजे यंत्र शेवटचा आधार आहे, जागं राहायचं ते माणसानेच. म्हणूनच लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. उरणच्या लोकलमध्ये मोटरमन एकटा असतो, तिथे हे काम 'डेडमन' हँडल करतं. ते दाबून धरलेलं हवं, हात सुटला की गाडी थांबते.

कीबोर्डवर नसलेला रायगड

पनवेलहून आपटा, पेण, कासू, नागोठणे करत रोह्याला येणारा मार्ग बराचसा सखल मुलखातून जातो. रोह्यानंतर कोलाड, इंदापूर, माणगाव, गोरेगाव रोड आणि वीर ही स्थानकं घेत गाडी डोंगरात शिरते. कोकण रेल्वे आखताना चढ बेताचे ठेवले आहेत, १५० मीटरला एक मीटरहून तीव्र नाहीत. पण इथे अडचण येते ती पावसाची. ओल्या रुळावर चाकं घसरतात, तेव्हा चालक चाकांपुढे वाळू सोडतो. ब्रेक लावायलाही जास्त अंतर धरावं लागतं. कोकण रेल्वे दर पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लावते, आणि मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं की ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं नाही, अशी सूचना लोको पायलटना असते. पावसाळ्यात गाड्या उशिरा येतात त्यामागे हा विचार आहे. दरड कोसळलेली दिसली, तर तेवढ्या अंतरात थांबता आलं पाहिजे.

गाडीमागे काय जोडलं आहे, यावरही हाताळणी बदलते. कोलाडहून वेर्ण्याला जाणारी रो-रो गाडी १९९९ पासून भरलेले ट्रक पाठीवर घेऊन धावते. तिचं वजन, तिच्या ब्रेकची पकड आणि तुमच्या मेमूची पकड यांत मोठा फरक आहे. मेमूच्या अनेक डब्यांना स्वतःच्या मोटरी असतात, म्हणून ती झटकन वेग घेते. मालगाडीची ओढ सगळी पुढच्या इंजिनांतून येते.

जिल्ह्याच्या पूर्वेला कर्जतहून खंडाळ्याला चढणारा बोर घाट आहे. १८६३ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर ३७ मीटरला एक मीटर असा चढ आहे. तिथे गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावून ती वर ढकलतात. दोन्ही टोकांच्या चालकांनी ओढ आणि ढकल एकमेकांशी जुळवली नाही, तर मधल्या डब्यांवर ताण येतो. उतरताना डायनॅमिक किंवा रिजनरेटिव्ह ब्रेकने वेग आवरून धरतात आणि हवेचा ब्रेक राखून ठेवतात, कारण टाक्यांतली हवा संपली तर घाटात दुसरा उपाय उरत नाही. तरीही एखादी गाडी आवरेनाशी झाली, तर तिला वळवून घेण्यासाठी कॅच सायडिंग ठेवलेली आहेत. साताऱ्याच्या सुरेखा यादव, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक, ८ मार्च २०११ रोजी डेक्कन क्वीन घेऊन हाच घाट उतरल्या आणि १३ मार्च २०२३ रोजी त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. ती गाडीही याच घाटातून आली.

मग सिम्युलेटरचा उपयोग किती?

उपयोग पुष्कळ आहे. खुद्द रेल्वेच्या प्रशिक्षण केंद्रांतही खऱ्या केबिनची हुबेहूब प्रतिकृती असलेले सिम्युलेटर वापरतात. दाट धुकं, सिग्नल बिघडणं, रुळावर अचानक अडथळा येणं, हे सगळं तिथे कोणालाही इजा न होता पुन्हापुन्हा अनुभवता येतं. तुमच्या घरच्या सिम्युलेटरमधूनही हँडलांची नावं, त्यांचा क्रम, सिग्नलचे अर्थ आणि आधीपासून विचार करण्याची सवय शिकता येते. ओपन रेल्ससारखा विनामूल्य कार्यक्रम त्यासाठी पुरेसा आहे.

जे पडद्यावर मिळत नाही तेही सांगायला हवं. ब्रेक धरला की बसल्या जागी पाठीला जाणवणारा जोर, चाक घसरताना बदलणारा आवाज, रात्रीच्या पाळीचा थकवा आणि मागे बसलेल्या हजारभर माणसांची जबाबदारी यांना तिथे पर्याय नाही. म्हणूनच खरा लोको पायलट होण्याची वाट लांब आहे. आयटीआय किंवा अभियांत्रिकीची पदविका करून रेल्वे भरती मंडळाची परीक्षा द्यावी लागते. त्यानंतर संगणकावरची अभियोग्यता चाचणी आणि दृष्टीची कडक तपासणी होते. मग सहायक, पुढे शंटिंग, मालगाडी, पॅसेंजर आणि शेवटी मेल-एक्स्प्रेस, अशी वर्षानुवर्षांची चढण असते. नव्या मार्गावर गाडी हाती देण्याआधी तो मार्ग दिवसा आणि रात्रीही फिरून शिकावा लागतो. कुठे वळण, कुठे उतार, कोणत्या झाडीआडून सिग्नल दिसतो, हे तोंडपाठ झाल्यावरच त्याची सही होते.

तेव्हा आजपासून एक सराव सुरू करा. सिम्युलेटरमध्ये दहा-बारा डब्यांची गाडी घ्या, बाहेरून दिसणारं दृश्य बंद करा आणि केबिनमधूनच चालवा. आपत्कालीन ब्रेक वापरायचा नाही, एका थांब्यासाठी ब्रेक एकदाच लावायचा आणि टप्प्याटप्प्याने सोडायचा, आणि थांबताना ब्रेक पाइपचा काटा किती होता ते वहीत लिहायचं. मग डबे दुप्पट करा आणि तोच फलाट पुन्हा धरा. ब्रेक आता किती आधी लावावा लागला, हे वही सांगेल. नागोठण्याच्या फलाटावर मेमू थांबते तेव्हाही लक्ष द्या : ब्रेक कुठून लागायला सुरुवात होते, शेवटी तो कसा सैल होतो. ते बघण्यासाठी केबिनमध्ये शिरायची गरज नाही आणि परवानगीशिवाय तिथे जाणं गुन्हाही आहे. फलाटावरून मन लावून बघितलंत तरी त्या माणसाच्या हातातलं कसब ओळखता येईल आणि भरती मंडळाचा अर्ज भरायचा का, हेही तुमचं तुम्हाला ठरवता येईल.